जांभळी फुली

मटणाच्या दुकानात मी शिरले की सत्तूर थांबायचा. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायची आणि कोणीतरी हमखास म्हणायचं, "आल्या रे आल्या, मॅडम आल्या, झाका पटापट." त्यात थट्टा असायची आणि थोडी भीतीही. मला ती भीती आवडायची. खोटं कशाला बोलू, फार आवडायची.

मी जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक. मूळ काम गुरांना लस टोचायचं, शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, गाभण म्हशींची नोंद ठेवायचं. माहेर मुरबाडकडचं, सासर शहापूरचं, आणि त्या वेळची नेमणूक या दोन्हींच्या मधल्या एका बाजाराच्या गावी. गावाचं नाव सांगत नाही, सांगून कोणाचं भलं व्हायचं नाही. तिथे बाजारामागे, नाल्याला लागून मटणाची सहा दुकानं होती. आमच्या डॉक्टरसाहेबांकडे तीन दवाखान्यांचा कारभार, त्यामुळे मटण तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कागदावर सही त्यांची, नाल्याकाठच्या घाणीत उभी मी.

आधीच सांगून टाकते, ही माझ्या कर्तबगारीची गोष्ट नाही. एका वाडीतल्या म्हातारीला दोन वाक्यं सांगायची होती आणि ती सांगायला जायला मला तीन वर्षं लागली, त्याची ही हकीकत. तिच्या घरातली सून गेली, आणि ती आपल्या हातून गेली असं म्हातारी सगळ्यांना सांगत होती. ती तिच्या हातून गेली नव्हती. हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

काम मात्र मी मन लावून करायचे. सकाळी सहाला नाल्यावर हजर. कापायच्या आधी बोकड उभा बघायचा. नाक ओलं आहे का, चाल सरळ आहे का, अंग गरम लागतंय का. कापल्यावर कलेजी दाबून बघायची, फुप्फुसं चिरून बघायची, मानेखालच्या गाठी चाचपायच्या. सगळं ठीक असेल तर मागच्या मांडीवर जांभळ्या शाईचा गोल शिक्का. हातमोजे वर्षातून दोनदा यायचे आणि पंधरा दिवसांत फाटायचे. घरी जाऊन तीनदा साबण लावला तरी भाकऱ्या थापताना बोटांना वास यायचा. नवरा बोलायचा काही नाही, पण दहीभात कालवून उठून जायचा.

पहिल्या वर्षी मला सगळ्यांनी यथेच्छ बनवलं. एकच चांगली कलेजी तीन-तीन बोकडांची म्हणून माझ्यापुढे फिरायची आणि मी आपली मान डोलवून शिक्के मारत सुटायचे. सहा जणांतला सगळ्यात म्हातारा खाटीक होता, त्याला मी काका म्हणायचे. तो एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, बाहेर काढलेली कलेजी कोनाची बी असते. अंगात असतानाच बघत जा." मग मी अंगात बघायला लागले. त्या महिन्यात मी चार बोकड बाद केले आणि माझ्या नावाने नाल्यावर शिमगा झाला. काका मात्र हसायचा. "आता झालात तुमी खऱ्या बाई," म्हणाला.

तो सोडून सगळे मला मॅडम म्हणायचे.

नुसते शिक्के मारून भागत नाही, घेणाऱ्यालाही कळलं पाहिजे, असं मला वाटायला लागलं. म्हणून मी जीपला भोंगा लावून गावं पालथी घातली. डोंगराकडच्या वाड्यांवर जीप जात नाही, तिथे चालत गेले आणि अंगणवाडीत बाया गोळा केल्या. शिक्का गोल असतो, त्यात अक्षरं असतात, ती अशी असतात, हे मी सुरुवातीला सांगत होते. मग लक्षात आलं की बाया जांभया देतायत. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, लोकांना सोपं करून सांगा. मी सोपं केलं. "जांभळं दिसलं तर घ्या, जांभळं नाही तर हात लावू नका." एवढंच. पोरंसुद्धा पाठ म्हणायला लागली.

सगळ्यात वरच्या वाडीत एक तरुण बाई होती, नवीनच लग्न होऊन आलेली. तिने हात वर केला. "बाय, शिक्का मांडीवर मारता. मांडी तर पैलीच जाते मोठ्या लोकांकडं. आमच्या वाट्याला मानेचं नि पोटाचं. त्याच्यावर जांभळं कुठून यायचं?"

मला राग यायला हवा होता, पण मी चक्क हसले. तीन वर्षांत एकाही साहेबाला हा प्रश्न पडला नव्हता. मी म्हणाले, "दुकानात टांगलेला असतो ना, तेव्हाच बघून घ्यायचं." ती म्हणाली, "मंग बरं." शेजारी तिची सासू बसली होती, तिने सुनेच्या पाठीवर चापट मारली. "लय बोलते गो ही." पण चापटीत कौतुकच होतं, ते दिसत होतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ते घडलं. मे म्हणजे आमच्याकडे हळदी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडवात मटणाचा रस्सा आणि भात नसेल तर घरच्या माणसाला वर्षभर तोंड वर काढता येत नाही. त्या सकाळी नाल्यावर नेहमीच्या दुप्पट बोकड होते. माझ्या स्वतःच्या भाचीची हळदही त्याच दिवशी, मुरबाडला. बहिणीचे सकाळपासून फोन. मी उभे बोकड नीट बघितलेच नाहीत, नुसती त्यांच्यावरून नजर फिरवली.

काकाने एक सोलला, छाती उघडली आणि सुरी खाली ठेवली. "बाई, हिकडं या."

छातीत पू होता. सांधे सुजलेले, मांस चिकट, ओलसर, रंग उडालेलं. वास असा की माशासुद्धा विचार करून बसाव्यात. काका म्हणाला, "हा नको. माझ्या हातनं हा जायला नको." नुकसान त्याचं होतं, तरी आधी तोच म्हणाला, हे इथे लिहून ठेवते.

असं मांस कसं टाकायचं याचा नियम आहे. जागोजाग चिरे द्यायचे, वर फिनेल ओतायचं, खोल खड्ड्यात चुन्याखाली पुरायचं, आणि तपासणाऱ्याने माती पडेपर्यंत खड्ड्यावर उभं राहायचं. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. मला तो पाठ होता.

फिनेल संपलेलं होतं. बाद मांसावर मारायला लाल शाई असते, ती मी दोनदा लिहून मागवली होती, आली नव्हती. मग मी जांभळ्या शाईत ब्रश बुडवला आणि त्या बोकडावर ह्या मोठमोठाल्या फुल्या मारल्या. पाठीवर, मांड्यांवर, बरगड्यांवर. चुकलेल्या गणितावर मास्तर मारतात तशा. याहून स्पष्ट काय असतं, असं वाटलं मला. मग तो गोणपाटात गुंडाळून कचऱ्याच्या ट्रॅक्टरवर टाकायला सांगितला.

काका म्हणाला, "खड्ड्यावर जाताय ना बाई? वाटेत मानसं हायेत."

माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. "काका, मला नका शिकवू. माझं काम मला कळतं." सगळ्यांसमोर म्हणाले. त्याने दुसरा बोकड ओढला. मी वहीत 'नष्ट केले' असं लिहून सही ठोकली, हात धुतले, पिशवीतली साडी नेसले आणि मुरबाडची जीप पकडली. हळदीला मी दोनदा रस्सा घेतला. बहीण म्हणाली, "मटण कसं आहे, तूच सांग बाई, तू तर तपासणारी." आम्ही सगळ्या हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरसाहेबांचा फोन आला. "वरच्या वाडीत माणसं लोळतायत. मटण खाल्लंय म्हणे. आपल्या दुकानातलं नाही ना?"

"नाही, साहेब," मी म्हणाले. विचार करायच्या आधीच म्हणाले.

मी पोहोचले तेव्हा वाडीत सलाईनच्या बाटल्या झाडांना बांधल्या होत्या. सहा घरांतली माणसं अंगणात आडवी. वाडीत एका घरी मटण आलं तर ते एका घराचं राहत नाही, सागाच्या पानात बांधून घरोघर जातं, तसं ते गेलं होतं. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. बाकीची माणसं दोन दिवसांत उठली. ती प्रश्न विचारणारी मात्र सात महिन्यांची गरोदर होती. दोन जिवांची म्हणून सासूने तिला सगळ्यांपेक्षा जास्त वाढलं होतं, नळ्या निवडून तिच्या ताटात घातल्या होत्या. तिला झोळीत घालून खाली रस्त्यावर आणलं, तिथून शहापूरकडे जीप निघाली आणि अर्ध्या वाटेतून परत आली.

चार दिवसांनी अंगणवाडीत चौकशी बसली. वरून एक साहेब आले होते, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, आमचे डॉक्टर आणि मी. आम्हाला खुर्च्या, वाडीला जमीन. त्या बाईचा नवरा पुढे बसला होता. पंचवीस-सव्वीसचा असेल. वीटभट्टीवर कामाला जायचा. त्याने सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही.

भट्टीवरून दुपारी येताना रस्त्याच्या कडेला, झाडाखाली त्याला गोणपाटाचं बोचकं दिसलं. उघडलं तर आख्खा सोललेला बोकड. त्याने हाका मारल्या. बराच वेळ थांबला. कोणी आलं नाही. "मंग मी निरखून बघितला. त्याच्यावर फुल्या व्हत्या, जांभळ्या. म्हून आनला."

साहेब म्हणाले, "फुली होती म्हणून आणला? म्हणजे काय?"

तो साहेबांकडे असा बघायला लागला की, एवढं साधं कसं कळत नाही यांना. "रानात फारेस्टचा साहेब ज्या लाकडावर फुली मारतो ते आमी न्यायचं. बाकीच्याला हात लावायचा नाय. आमच्या बापापास्नं हेच हाय. आन ही तर जांभळी. जांभळं दिसलं तर घ्या, असं बाईंनीच सांगितलेलं." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. तक्रारीने नाही. साक्षीदाराकडे करतात तसं.

खरं सांगते, तोपर्यंत मला कळलंच नव्हतं. चार दिवस मी मनाशी घोकत होते की तो आपला बोकड नसणार, आपला खड्ड्यात गेला. त्या एका वाक्यात सगळं समोर आलं. शाळेतली फुली मला माहीत होती, रानातली नव्हती. मी इथलीच, लहानपणी लाकडं आणायला आईबरोबर रानात गेलेली, आणि मला हे सुचलं नव्हतं.

साहेबांनी मला विचारलं, "कसली फुली? तुम्ही काही मारता का असं?"

आणि मी म्हणाले, "साहेब, हे लोक घाबरले की काहीही सांगतात."

वही मागवली. वहीत 'नष्ट केले', खाली माझी सही. विषय संपला. अहवालात लिहिलं गेलं की मेलेल्या जनावराचं अर्धवट शिजवलेलं मांस अज्ञानातून खाल्ल्यामुळे हा प्रकार घडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की चोर तिथेच खुर्चीवर बसून चहा पीत होता. साक्षीदार म्हणून मी त्या अहवालावरही सही केली.

मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी वाडीला समजावलं. मटण नीट शिजवत जा, कच्चं राहिलं की असं होतं. खांबाला टेकून बसलेली म्हातारी, त्याची आई, तेव्हा पहिल्यांदा बोलली. "माझ्याच हातनं झालं. लाकडं वली व्हती. मी घाई केली. मीच नीट नाय शिजवलं."

मुलाने वळून आईकडे बघितलं. ती नजर मी बघितली आहे. त्याच्या हाताला इतका वेळ काहीच लागत नव्हतं, आणि आता काहीतरी लागलं, अशी ती नजर होती.

मला ठाऊक होतं की त्या मांसात जे विष तयार झालं होतं ते उकळून जात नाही. म्हातारीने ते सबंध दिवस चुलीवर ठेवलं असतं तरी काही फरक पडला नसता. हे बोलायला मला दोन वाक्यं पुरली असती. मी तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल ही भीती होती, आणि त्याहून मोठी भीती ही की नाल्यावर मला बघून सत्तूर थांबणार नाही.

ट्रॅक्टरवाल्याला मी एकटं गाठलं. त्याने कबूल केलं. वाटेत चाक पंक्चर झालं, ऊन होतं म्हणून बोचकं झाडाखाली ठेवून तो पंक्चरवाल्याला आणायला गेला. आला तर बोचकं नाही. कुत्र्यांनी ओढून नेलं असेल, असं तो धरून चालला. "तुमी खड्ड्यावर येनार व्हत्या ना मॅडम?" एवढंच त्याने विचारलं. त्यानंतर आम्ही दोघांनी एकमेकांकडे सरळ बघितलं नाही.

पुढच्या बाजारी काकाही म्हणाला, "खड्ड्यावर थांबला व्हता ना?" मी हो म्हणाले. तो मान खाली घालून मटण तोडत राहिला. त्या दिवसापासून तोही मला मॅडम म्हणायला लागला.

दोन महिन्यांनी लाल शाई आली. खोकंभर. ते खोकं उघडल्यावर मला दवाखान्याच्या मोरीत ओकारी झाली. त्यानंतर कितीही उशीर होवो, मी प्रत्येक वेळी खड्ड्यावर माती पडेपर्यंत उभी राहिले. त्याने काही भरून आलं असं मात्र मी म्हणणार नाही. दीड वर्षाने माझी बदली कसाऱ्याकडे झाली. तिथे मटणाचं काम नव्हतं. सुटले, असं वाटलं.

कुठली सुटते. यंदा माघात लसीकरणाच्या कामासाठी माणसं कमी पडली म्हणून मला परत त्या बाजूला पाठवलं. तिथल्या आरोग्य केंद्राची आशाताई जुनी ओळखीची. जेवताना सहज विषय निघाला आणि मी, जणू काही आत्ताच आठवलं असं दाखवत, त्या म्हातारीचं विचारलं.

"ती ना? तिला चुलीशी नाय जाऊ देत तो," आशाताई म्हणाली. "पैल्याच आठवड्यात तिच्या हातातली पळी काढून घेतली. तोच रांधतो, तिला वाढतो. तिच्या हातचं पानी बी पीत नाय. बोलत तर मुळीच नाय. तीन वर्सं झाली. दुसरं लगीन बी नाय केलं."

मी डब्याचं झाकण लावलं. त्या रात्री मी ठरवलं की बस्स झालं. नोकरी गेली तर गेली. तीन वर्षं ही बाई माझ्या पापाची शिक्षा भोगतेय आणि मी इथे डबा उघडून जेवतेय.

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेले. वाट चढताना काय बोलायचं ते शंभरदा जुळवलं. म्हातारी अंगणात एकटीच वाल सोलत बसली होती. मला ओळखलं तिने. "आलात का बाय," म्हणाली, जशी काही मी गेल्या आठवड्यात येऊन गेले होते. पाट दिला. घरातून पाणी आणायला ती उठली नाही. अंगणातल्या मडक्याकडे बोट करून म्हणाली, "घ्या तुमच्या हातानं."

मी पाणी प्यायले नाही. उभ्या उभ्याच सगळं ओकले. बोकड आमचाच होता. मीच बाद केला होता. फुली मीच मारली होती, जांभळी. खड्ड्यावर जायला हवं होतं, गेले नाही. चौकशीत खोटं बोलले. "आणि आये, तुमच्या शिजवण्यात काही चूक नव्हती. ते विष शिजवून जातच नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही." बोलता बोलता मी रडायला लागले. मला वाटत होतं, आता ती मला शिव्या देईल. द्याव्यात, असंच वाटत होतं. शेण घेऊन माझ्या तोंडाला फासलं असतं तरी मी हलले नसते.

ती शेंगा सोलत होती. एक संपवली, दुसरी घेतली.

"ठावं हाय मला," म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"उमर गेली माझी रांधन्यात. मटान शिजलं का ऱ्हायलं हे मला नाय कळायचं? चांगलं मऊ शिजलं व्हतं. लाकडं बी सुकी व्हती."

"मग तुम्ही का म्हणालात तसं? सगळ्यांसमोर?"

तिने वाटेकडे एकदा बघून घेतलं. मग हळू आवाजात, पण सरळ सांगितलं. "बाय, त्यानं खांद्यावर आनला तो बोकड. बायकोला आवडतं म्हून. हसत आला व्हता. ती गेल्यावर दुसऱ्या दिशी सकाळी दोर घेऊन रानात निघालेला. आमी चार जनांनी धरून आनला. मंग त्या दागदरानं सांगितलं, कच्चं ऱ्हायलं म्हून झालं. मला वाटलं, बरं झालं. हे माझ्यावर घेता येतंय." तिने सोललेले वाल सुपात सारखे केले. "त्या दिसापास्नं तो माझ्यावर जळतोय. जळू दे. माझ्यावर राग हाय म्हून जगलाय तो. तुमी त्याला हे सांगाल तर त्याचं डोस्कं फिरून तिथंच जाईल, की आनला कोनी. तुमची फुली बिली त्याला नाय दिसायची. आनला कोनी, एवढंच दिसंल."

"पण तुम्ही, आये..."

"मी म्हातारी. माझं काय." मग पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं. त्या बघण्यात राग होता. इतका वेळ मी त्याचीच वाट बघत होते, पण तो दिसल्यावर मला तिथून पळून जावंसं वाटलं. "तुमाला सांगून मोकळं व्हायचं हाय, ते कळतंय मला. पन तुमचं तुमच्यापाशीच ठेवा. हितं नका टाकू."

खालून पावलं वाजली. मुलगा डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन वर येत होता. मी पदराने तोंड पुसलं. त्याने मोळी टाकली, मला ओळखून थबकला. तिशीही गाठली नसेल, पण कानशिलं पांढरी झाली होती. "काय काम व्हतं बाई?" त्याने विचारलं.

म्हातारीने मान वर केली नाही. पण तिचे हात थांबले होते.

"काही नाही," मी म्हणाले. "शेळ्यांना लस टोचायचीय. कोणाकडे किती आहेत ते बघत फिरतेय."

"आमच्याकडं नाय शेळ्या," तो म्हणाला आणि आत गेला. चूल पेटवल्याचा धूर बाहेर आला. म्हातारीचे हात परत चालायला लागले. थोड्या वेळाने त्याने आतून विचारलं, "बाई, जेवनार का?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि हो म्हणाले.

त्याने तीन ताटल्या आणल्या. एक माझ्यापुढे ठेवली, एक आईपुढे जमिनीवर सरकवली, स्वतः पाठ करून उंबऱ्यात बसला. भात कच्चट होता, मध्ये कण लागत होता. म्हातारी एक-एक घास मुकाट चावून गिळत होती. मीही ताटली पुसून खाल्ली.